धनीबाई आत्रामची द्वितीय भाषा

प्राचार्यांचं बोलावणं आलं तेव्हा धर्मपाल मुनेश्वर शिडीवर उभे राहून पुस्तकांवरची धूळ झटकत होते. पांढरकवड्याच्या त्या कॉलेजात ग्रंथपाल म्हणून त्यांची सव्वीस वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत प्राचार्यांनी त्यांना बोलावलं ते एकूण तीनदा, आणि त्यातही एकदा चुकून. म्हणून ते केसांतली धूळसुद्धा न झटकता तसेच धावत गेले.

"मुनेश्वर, विद्यापीठाचं पत्र आहे," प्राचार्य म्हणाले. "दुसऱ्या विद्यापीठातून बदलून आलेल्या विद्यार्थ्यांना नव्या जागी रुळायला मदत करायची. त्यासाठी प्रत्येक कॉलेजात एक कक्ष हवा. समन्वयक तुम्ही."

"मीच काहून, सर?"

"बाकीचे सगळे कोणत्या ना कोणत्या कक्षाचे समन्वयक आहेतच. तुम्ही तेवढे शिल्लक होते."

दुसरा कोणी असता तर या 'शिल्लक' शब्दानं दुखावला असता. धर्मपाल मात्र 'समन्वयक' या शब्दापाशीच थबकले होते. हा माणूसच तसा. त्याला कशाचाही चटकन अचंबा वाटे. परिपत्रक आलं की ते उभं राहून वाचत. गोल शिक्का कागदावर नीट उमटला की क्षणभर त्याच्याकडे बघत राहत. विद्यापीठाच्या इमारतीत ते आयुष्यात दोनदा गेले होते आणि दोन्ही वेळा बाहेर येताना त्यांचा आवाज बारीक झाला होता. त्यात आता हे पत्र. आदिलाबादेकडचं एक खाजगी कॉलेज बंद पडलं होतं आणि तिथले विद्यार्थी इकडं येणार होते. पत्रात लिहिलं होतं, 'आपल्याकडे बी. ए. II विद्यार्थी वर्ग होत आहेत.'

"अकरा!" धर्मपाल पुटपुटले.

त्या दोन उभ्या काठ्या म्हणजे 'भाग दोन' असंही असू शकतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. प्राचार्यांच्याही नाही, कारण त्यांनी पत्र वाचलंच नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला ही बातमी दिली. उर्वशीबाई ग्रामीण रुग्णालयात सिस्टर होत्या, प्रसूती विभागात. रोज दोन-तीन माणसं जगात आणून दमून घरी येणाऱ्या बाईला नवऱ्याचा अचंबा हा संध्याकाळचा एक आवाज वाटे, कुकरच्या शिट्टीसारखा.

"अकरा पोरं, उर्वशी! परक्या राज्यातली! त्याईले आपली भाषा येत नसन, जेवण जमत नसन. सारं मलेच पाहा लागीन."

"तुम्हाले तुमचा चष्मा सापडत नाही," उर्वशीबाई म्हणाल्या. "तो डोक्यावर आहे."

शेजारच्या शकुबाईंना भिंतीपलीकडचं सगळं ऐकू येत असे. त्या तडक आल्याच. तिकडचे लोक जहाल तिखट खातात, आपलं मिळमिळीत वरण त्यांना मानवायचं नाही, पोरं आठ दिवसांत वाळतील, असं त्यांचं मत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी किलोभर लाल मिरचीचा ठेचा करून पाठवला. तो बरणीत भरताना धर्मपालांच्या डोळ्यांतून जे पाणी आलं ते कौतुकाचं की ठेच्याचं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

पण खरा प्रश्न भाषेचा होता. स्वागत त्यांच्या भाषेत झालंच पाहिजे, असा धर्मपालांनी निश्चय केला आणि ते हायवेवर बशीरभाईंच्या गॅरेजात जाऊन बसले. बशीरभाई चाळीस वर्षं नागपूर-हैदराबाद ट्रक दुरुस्त करत होते आणि गाडीखाली पडल्या पडल्या तेलुगू बोलत.

"देखो सर, 'बागुन्नारा' म्हना. मंजे बरे आहा का."

धर्मपालांनी वहीत लिहिलं. "अन् 'कृपया स्थानापन्न व्हा'ले काय म्हणतात?"

बशीरभाईंनी पाना खाली ठेवला. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही ड्रायव्हरला स्थानापन्न व्हायला सांगितलं नव्हतं. बराच विचार करून ते म्हणाले, "'बंडी पक्ककु पेट्टंडी' म्हना. मायना तोच आहे. आरामात थांबा."

"अन् 'या'ले?"

"'या'ले शब्द आहे," बशीरभाई इकडं तिकडं पाहत आवाज खाली आणून म्हणाले, "पन आपल्याकडं त्याची शिवी होते. तुमी तो गावात जोरात नका म्हनू सर. इज्जतदार मानूस आहा."

त्याच वेळी गॅरेजात एक ट्रक उभा होता. त्याच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगात गोल गोल तेलुगू अक्षरं काढली होती आणि भोवती कमळांची वेल. धर्मपाल त्या अक्षरांपुढे हात जोडायचेच बाकी राहिले. एकेक अक्षर म्हणजे ताजी जिलेबी! बशीरभाईंना तेलुगू बोलता येई, वाचता येत नसे. ड्रायव्हर बिहारचा. "मालिक ने लिखवाया है, अच्छा ही लिखा होगा," इतकंच तो म्हणाला. एवढा दाखला धर्मपालांना पुरला. त्यांनी फोटो काढला आणि त्याचा आठ फूट लांब फ्लेक्स करून घेतला. वर कॉलेजचं नाव, मधे ती तेलुगू ओळ, खाली 'समन्वयक : ध. म. मुनेश्वर'.

सोमवारी सकाळी कॉलेजच्या फाटकाशी फ्लेक्स लागला. अकरा गुच्छ आले. वसतिगृहात अकरा खाटा सरळ रेषेत लागल्या. भोजनकक्षात शकुबाईंची बरणी मानानं मधोमध ठेवली. प्राचार्य आले, प्राध्यापक आले, गॅरेज बंद करून बशीरभाईही आले. दहाच्या बसनं दोन मुली उतरल्या. एक उंच, सावळी, पाठीवर सॅक. दुसरी बुटकी, तोंडाला रुमाल. धर्मपालांनी त्यांच्या मागं पाहिलं. मागं कोणी नव्हतं.

"बाकीचे नऊ?" प्राचार्यांनी विचारलं.

"दुसऱ्या बसनं येत असतील," धर्मपाल म्हणाले आणि दोन पावलं पुढं होऊन, हात जोडून, सव्वीस वर्षांत कधी काढला नव्हता एवढ्या आवाजात त्यांनी सुरुवात केली, "बागुन्नारा! बंडी पक्ककु पेट्टंडी!"

बुटकीनं रुमाल तोंडात कोंबला. उंच मुलीनं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं, मग आपल्या पायांकडं पाहिलं आणि अतिशय नम्रपणे म्हणाली, "सर, आमच्यापाशी गाडी नाही. आमी यष्टीनं आलो."



"तुले मराठी येते?" धर्मपालांनी विचारलं.

"येते ना सर. आमचं गाव नदीच्या त्या अंगाले, पण माहा मामा इकडचाच आहे. मी धनीबाई आत्राम. हे जैतुबाई. बी. ए. भाग दोनले आम्ही दोघीच आहो." मग तिची नजर वर गेली. "सर, हा बोर्ड इथं काहून लावला?"

"स्वागताचा आहे. काय लिहिलं आहे ते वाच बरं, सगळ्यांना कळू दे."

धनीबाईनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं. तिला वाचायचं नव्हतं, हे कोणाच्याही लक्षात आलं असतं. पण सरांनी सांगितलं होतं. "हॉर्न वाजवा," तिनं वाचलं, "अन् दूर राहा."

प्राचार्य आपल्या खोलीत गेले. फ्लेक्स उतरवायला शिडी लागली आणि शिडी ग्रंथालयात होती, त्यामुळे पहिला तास सुटेपर्यंत सगळ्या कॉलेजनं तो पाहिला. नऊ गुच्छ दिवसभर व्हरांड्यात पडून होते. ठेचा मात्र धनीबाईनं चाखला आणि पाणी न पिता म्हणाली, "बरा आहे सर. थोडा फिका आहे."

धनीबाईबद्दलच्या धर्मपालांच्या अचंब्याची सुरुवात बहुधा त्या ठेच्यापासून झाली.

पंधरा दिवस बरे गेले. मुलींना रुळायला मदत करायला ते रोज वसतिगृहावर जात आणि रोज काहीतरी मदत घेऊन परत येत. कक्षासाठी त्यांनी स्वतः रंगवलेल्या पाटीतल्या दोन चुका धनीबाईनंच दाखवल्या, त्याही पाटी टांगून झाल्यावर. मग विद्यापीठाचं त्रुटीपत्र आलं. जैतुबाईनं पहिल्या वर्षी हिंदी घेतली होती, तिचं निभावलं. धनीबाईच्या नावापुढे लिहिलं होतं, 'प्रथम वर्षी द्वितीय भाषा तेलुगू. मराठीचे ज्ञान असल्याचा पुरावा जोडलेला नाही. सबब पात्रता नाकारण्यात येत आहे. हरकत असल्यास मूळ महाविद्यालयाच्या दाखल्यासह या महिन्याच्या तीस तारखेस समितीपुढे हजर राहावे.'

"पुरावा काय जोडायचा?" धर्मपाल कार्यालयातल्या बडे बाबूंना विचारू लागले. "पोरगी बोलून राह्यली ना मराठी!"

"बोलणं जोडता येत नाही," बडे बाबू म्हणाले. "कागद पाहिजे."

धनीबाईनं पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि वहीत ठेवलं. "वरीस गेलं तर बाबा म्हणते का घरी ये," ती म्हणाली. एवढंच. पण तिचा तो सरळ आवाज धर्मपालांच्या कानातून जाईना. समन्वयक ते होते. रुळायला मदत करायची ती त्यांनी, आणि पोरगी रुळण्याआधीच परत जायची वेळ आली होती.

दाखला आणायला बंद पडलेल्या कॉलेजात जाणं भाग होतं. "तू एकटी कुठं जाशील," असं म्हणून धर्मपाल सोबत निघाले. हातात फाईल, खांद्यावर पाण्याची बाटली, काखेत छत्री. तिला सांभाळून न्यायचं आणि सांभाळून आणायचं, असं त्यांनी उर्वशीबाईंना बजावून सांगितलं होतं.

पैनगंगेचा पूल ओलांडल्यावर पाट्यांवरची अक्षरं जिलेब्या झाली आणि धर्मपालांचं शिक्षण तिथंच संपलं. कंडक्टरनं त्यांना काहीतरी विचारलं. ते "बागुन्नारा" म्हणाले. धनीबाईनं मधे पडून तेलुगूत दोन वाक्यं सांगितली, कंडक्टर हसला आणि त्यानं धर्मपालांना खिडकीशी जागा दिली. स्टँडवर उतरल्यावर ती ऑटोवाल्याशी दखनी हिंदीत बोलू लागली, आणि ती भाषा तोंडात येताच पोरीचा खांदासुद्धा जरा वाकडा झाला. "क्या भाई, नवे समझे क्या हमकू?" ऑटोवाल्यानं भाडं खाली आणलं. वाटेत आईचा फोन आला. ती ज्या भाषेत बोलली तिच्यातला एकही शब्द धर्मपालांना कळला नाही, फक्त पोरगी एकदम लहान झाल्यासारखी वाटली.

"हे कोणती?"

"हे कोलामी सर. आमची घरची."

कॉलेजला कुलूप होतं. उकंडा मडावी नावाचा म्हातारा राखणदार फाटकाशी बसला होता आणि कोणालाही आत सोडायचं नाही असा त्याला हुकूम होता. धर्मपालांनी फाईल दाखवली, परिपत्रक दाखवलं, स्वतःचं ओळखपत्र दाखवलं. म्हाताऱ्यानं छत्रीकडं पाहिलं. मग धनीबाई त्याच्याशेजारी मातीत बसली आणि वेगळ्याच कुठल्या भाषेत, हळू, मोठ्या माणसाशी बोलावं तशी बोलू लागली. थोड्या वेळानं म्हातारा उठला, त्यानं कुलूप काढलं आणि जुन्या लिपिकाला फोन लावून बोलावून घेतलं.

"हे कोणती?" धर्मपालांनी पुन्हा विचारलं. त्यांचा आवाज आता विद्यापीठात जाऊन आल्यासारखा बारीक झाला होता.

"गोंडी. ते मडावी आजा आहेत सर, नातं निघालं."

लिपिक आला. अर्ज तेलुगूतच हवा म्हणाला. तिनं उभ्या उभ्या लिहून दिला. दाखल्याचा नमुना इंग्रजीत होता, तो तिनंच भरला. धर्मपाल बोटं मोजत होते. एका हाताची संपली, तेव्हा त्यांनी छत्री त्या हातात घेऊन दुसऱ्या हाताचं बोट उघडलं. ग्रंथालयात त्यांच्याकडे बारा हजार पुस्तकं होती आणि ती सगळी दोनच भाषांतली होती.

एवढं होऊन ते स्वच्छतागृहात गेले आणि बाहेर पडताना चुकीच्या दारानं निघाले ते थेट बाजारात. अर्धा तास ते एकाच चौकात परत परत येत राहिले. लोकांना विचारायला वाक्यं होती ती दोनच आणि त्यातलं दुसरं वाक्य म्हटल्यावर एका सायकलवाल्यानं निमूटपणे सायकल बाजूला घेतली. शेवटी एका पानवाल्यानं त्यांचा दंड धरला आणि रस्त्यापलीकडं हाक मारली. धनीबाई धावत आली.

"कसं सापडवलं?"

"सगळ्याईले सांगितलं सर. चष्मा, छत्री, मोठे साहेब, घाबरलेले."

यातलं 'मोठे साहेब' धर्मपालांनी लक्षात ठेवलं आणि बाकीचं घरी सांगायचं नाही असं ठरवलं.

तीस तारखेला विद्यापीठ. त्या इमारतीच्या पायऱ्या चढताना धर्मपाल सवयीनं बावरले. त्यांनी चार पानांचं निवेदन लिहून आणलं होतं. बसमध्ये ते त्यांनी इतक्या वेळा वाचलं होतं की शेजारच्या प्रवाशालाही पाठ झालं असावं. समितीत तिघं होते. मधे अध्यक्ष, थकलेल्या चेहऱ्याचे. डावीकडे मराठीच्या बाई, समोर कोऱ्या कागदांचा गठ्ठा. उजवीकडे पात्रता विभागाचे अधिकारी. नुकताच चहा आला होता.

"माननीय अध्यक्ष महोदय," धर्मपालांनी उभं राहून पहिलं पान उघडलं.

"आपण कोण?"

"समन्वयक. स्थलांतरित विद्यार्थी साहाय्य..."

"सोबत आलेल्यांनी बोलायचं नाही. बसा."

धर्मपाल बसले. चार पानं मांडीवर पालथी ठेवली. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतकं कोणी बसवलं नव्हतं. मग त्यांना आठवलं की आता पोरगी एकटीच आहे.

अध्यक्षांनी दाखला चाळला. "यात मराठीबद्दल काही नाही."

"तिथं मराठी शिकवतच नव्हते सर," धनीबाई म्हणाली. "पण मले येते."

"ही बोली झाली," मराठीच्या बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, फक्त नोंद होती. "प्रमाण मराठीत बोलता येईल?"

"येईल मॅडम. कशावर बोलू?"

"कशावरही. ही भाषा तुम्ही कशी शिकलात, ते सांगा. पाच मिनिटं."

धनीबाईनं क्षणभर विचार केला. मग ती नीट, सावकाश बोलू लागली.

"मी नऊ वर्षांची होते. माझ्या मावशीचे दिवस भरले होते. आम्ही तिला बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात नेलं. मावशीला फक्त कोलामी येत होती. डॉक्टरबाईंना फक्त तेलुगू. आणि सिस्टर मराठी होत्या. बाबा होते, मौसा होते, पण त्यांना आत येऊ देईनात. मला तिन्ही थोडी थोडी येत होती, बाजारातून आलेली. म्हणून मला आत उभं केलं. तोंड दाराकडं, पाठ मावशीकडं. सिस्टर म्हणाल्या..." ती थांबली. "मॅडम, सिस्टरचं बोलणं त्यांच्याच तोंडचं सांगू का? नाहीतर खोटं वाटते."

बाईंनी मान हलवली.

"सिस्टर म्हणे, 'मांगं पाहू नको पोरी, फक्त सांग.' मग डॉक्टर तेलुगूत म्हणत, श्वास घे. मी कोलामीत म्हणे, श्वास घे. मावशी ओरडे. सिस्टर विचारे, 'काय म्हणून राह्यली ते?' मी ते मराठीत सांगायची आणि डॉक्टरांना तेलुगूत."

"काय ओरडत होत्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"मौसाला शिव्या देत होती सर."

"त्याही सांगितल्या?"

"सगळ्या सांगितल्या. मला वाटलं औषधाच्या कामाच्या असतील. एकीला तेलुगूत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. मी डॉक्टरांनाच विचारलं. त्यांनी शिकवली."

पात्रता विभागाचे अधिकारी फिसकन हसले आणि मग खोकल्यासारखं केलं. धनीबाई हसली नाही.

"मग मावशीचा आवाज बंद झाला. डॉक्टर सिस्टरला हळू काहीतरी म्हणाल्या. सिस्टरला तेवढं तेलुगू समजत होतं. डॉक्टर म्हणाल्या की बाळाचे ठोके कमी होत आहेत, हे तिला सांगू नको. पण मी ऐकलं होतं. तोवर मी ऐकलेलं सगळं सांगितलं होतं. मावशी हळूच म्हणाली, डॉक्टर काय म्हणते? मी दाराकडं पाहत होते. दाराला हिरवा रंग होता, खाली खपल्या निघालेल्या. मी म्हटलं, मावशी, डॉक्टर म्हणते का झालंच आता, डोकं दिसून राह्यलं, एक डाव अजून जोर कर."

खोलीत पंखा फिरत होता. मराठीच्या बाईंची लेखणी कागदावर टेकून थांबली होती.

"ते डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या. ते मी म्हटलं होतं. कोणत्याच भाषेतून आणलं नव्हतं. मावशीनं जोर केला. दोनदा केला. मग बाळ रडलं आणि मी पहिल्यांदा मागं वळले. डॉक्टरांनी बाळ हातात धरलं होतं. त्या थट्टेनं मला म्हणाल्या, सांग, ही काय म्हणते आहे? मी नीट ऐकलं. मग म्हटलं, हिला अजून कोणतीच येत नाही."

धनीबाई थांबली. "एवढंच. मराठी मी अशी शिकले," ती म्हणाली.

चहावर साय आली होती. धर्मपालांना वाटलं आपण उभे आहोत, आणि खाली पाहिलं तर खरंच उभे होते. कधी उठले ते त्यांना कळलंच नव्हतं. चारही पानं जमिनीवर पडली होती. या वेळी त्यांना कोणी बसायला सांगितलं नाही.

"नाव काय ठेवलं मुलीचं?" अध्यक्षांनी विचारलं.

"तीन आहेत सर. एक डॉक्टरांनी ठेवलं, एक सिस्टरनं, एक आजीनं. ज्या नावानं हाक मारली त्या भाषेत ओ देते. आता पाचवीत आहे."

अध्यक्षांनी फॉर्म ओढला. 'मराठीचे ज्ञान : आहे / नाही'. त्यातलं 'नाही' त्यांनी खोडलं, मग समाधान न होऊन पुन्हा एकदा खोडलं. मराठीच्या बाईंनी खाली सही केली आणि कागद धनीबाईकडं न देता हातातच धरून ठेवला.

"ते हिरवं दार," त्या म्हणाल्या, "लिहून काढाल?"

"कोणत्या भाषेत मॅडम?"

बाई हसल्या आणि त्यांनी कागद अधिकाऱ्यांकडं सरकवला. अधिकारी मात्र अडले होते. "सर, इतर भाषांची नोंद कुठं करू? रकाना एकच आहे."

"समासात लिहा," अध्यक्ष म्हणाले.

समास पुरला नाही, मागच्या पानावर जावं लागलं.

परतीच्या बसमध्ये धनीबाई खिडकीला डोकं टेकून झोपली. धर्मपाल चार तास जागे होते. तिची सॅक त्यांनी मांडीवर धरली होती, आणि बसला हिसका बसला की ते ड्रायव्हरकडं रागानं पाहत.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होत होती. उर्वशीबाई भाकरी थापत होत्या. धर्मपालांनी चपलासुद्धा न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळं सांगायला सुरुवात केली. दर वेळेसारखं उर्वशीबाईंनी पहिल्यांदा लक्ष दिलं नाही. मग थापणं हळू झालं. शिव्यांपाशी त्या हसल्या. 'हे तिला सांगू नको' इथं हात परातीतच थांबला. तव्यावरची भाकरी करपली आणि ती काढायचं भान दोघांनाही राहिलं नाही.

सांगून संपल्यावर उर्वशीबाईंनी पिठाच्या हातांनीच तवा खाली उतरवला.

"आमच्या वार्डात कोलामाच्या बाया येतात," त्या म्हणाल्या. "पोडावरच्या वस्तीवरून. मी त्याईले बावीस वर्षांपासून मराठीतच म्हणून राह्यली, जोर कर, जोर कर. त्या नुसत्या माह्या तोंडाकडं पाहतात. मले वाटे का भित्र्या आहेत." त्यांनी हात पदराला पुसले. "फोन लावा तिले."

"आत्ता? दमली असन ते पोरगी."

"दोन मिनिटं फक्त."

फोन लागला. उर्वशीबाईंनी तो कानाशी धरला आणि नवऱ्यानं कधी ऐकला नव्हता अशा, शाळेत नव्यानं आलेल्या पोरीसारख्या आवाजात विचारलं, "धनीबाई, मी सरांची बायको बोलून राह्यली. 'घाबरू नको'ले तुमच्यात काय म्हणतात?"

पलीकडून उत्तर आलं. उर्वशीबाईंनी ते म्हणून पाहिलं. चुकलं. पलीकडं हसू फुटलं आणि पुन्हा एकदा, सावकाश, तोच शब्द आला. उर्वशीबाईंनी डोळे मिटून पुन्हा म्हटलं. धर्मपाल दारात उभे राहून ऐकत होते, आणि तिसऱ्या खेपेला, कोणी न सांगता, तेही हळूच तो शब्द म्हणू लागले.